बेशुद्ध रुग्णाची सही: काही उपयुक्त सूचना

डोक्याला मार लागून आलेल्या रुग्णांवर एखादं औषध तपासून पाहायचंय? कशाला नसती उठाठेव! तेच औषध ‘सगळेच देतात’ म्हणून सरसकट टोचा, कुणी चकार शब्द काढणार नाही. स्टेरॉइड असंच तीसेक वर्षं वापरात होतं. मग काही मंडळींनी ते १०,००८ रुग्णांत रीतसर तपासलं, आणि २००४ साली कळलं: दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेले २१.१ टक्के दगावले, प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, मिळालेले १७.९ टक्के.

तरी हौस असेलच, तर प्रस्ताव लिहा. शुद्धीतल्या माणसांवर हा अभ्यास का होऊ शकत नाही, हे हेलसिंकी जाहीरनाम्याच्या, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांच्या, आधारे पटवा. मंजुरी देणारी नीतिशास्त्र समिती ते वाचेलच. त्याआधी तळाचा आवृत्ती क्रमांक बघेल. माहितीपत्रकावर ‘२.०’ आणि संमतीपत्रावर ‘१.२’ असेल, तर फाइल पुढच्या बैठकीला. भाषा सोपी करा असा शेरा आला, की ‘रँडमायझेशन’ खोडून ‘यादृच्छिकीकरण’ लिहा.

औषध मार लागल्यापासून आठ तासांच्या आत पडायला हवं. त्यातले तीन वाटेतच गेलेत. दाराशी नातेवाईक उभा असेल, एका हातात रुग्णाची चप्पल, दुसऱ्या हातात वाजणारा मोबाइल. त्याला सतरा पानं द्या आणि शांतपणे वाचायला सांगा. तो एकच प्रश्न विचारेल, ‘वाचेल ना?’ त्याचा रकाना अर्जात नाही. ‘सर्व शंकांचे निरसन झाले’वर खूण करून पुढे चला.

कटकट नको असेल तर फक्त शुद्धीतले रुग्ण घ्या. मंजुरी झटपट मिळते. निष्कर्ष किरकोळ मार लागलेल्यांना लागू पडतात, आणि गंभीर रुग्णांचं पूर्वीसारखं अंदाजपंचे चालू राहतं.

उपचार आधी, संमती मागाहून, हीही सोय काही ठिकाणी असते. मात्र विचारायच्या आतच जो गेला त्याच्या नोंदींचं काय करायचं, हे आधी ठरवू नका. ऐन वेळी कुणीतरी सद्भावनेने सुचवेल, ‘संमती नाही, तर वगळा.’ वगळा. दोन्ही गटांतले मेलेले असे बाजूला काढले, की विषसुद्धा गुणकारी ठरतं.

आणि दहाव्या दिवशी रुग्णाने डोळे उघडलेच, तर पेन त्याच्या हातात द्या. तारीख आजची घाला, मागची नको. वेळही घाला. आवृत्ती मात्र एव्हाना ३.१ झालेली असेल.