क्रिएटिनवरील चार आक्षेप आणि त्यांची तपासणी

स्नायू वाढवण्यासाठी पूरके घेणाऱ्यांना सावध करणारा एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की क्रिएटिन (स्नायूंना ऊर्जा मिळण्यास मदत करणारे एक पूरक) हे छुपे स्टिरॉइड आहे, ते वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंडे निकामी होतात, टक्कल पडते आणि जिममध्ये मिळणारी सगळीच पूरके सारखीच घातक असतात. पाठवणाऱ्यांना काळजी असते हे मान्य. परंतु यातली पहिली तीन विधाने पुराव्यावर टिकत नाहीत आणि चौथ्यामुळे खरा धोका नजरेआड होतो.

स्टिरॉइडचा आरोप सर्वांत कच्चा आहे. स्नायूंसाठी वापरली जाणारी स्टिरॉइडे म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून घडवलेली संयुगे. क्रिएटिनची रचना आणि कार्य दोन्ही वेगळी आहेत. ते आपले शरीर अमिनो आम्लांपासून रोज सुमारे १ ग्रॅम स्वतःच तयार करते, आणि १८३२ मध्ये मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम मांसातून वेगळे केले होते.

मूत्रपिंडांविषयीची भीती मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे बहुधा रक्ततपासणीचा अहवाल असतो. स्नायूंतील क्रिएटिनचा दीड ते दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थात बदलतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. रक्तातले क्रिएटिनिन वाढले म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटली असावी, असा अंदाज त्यावरून बांधला जातो. परंतु पूरक घेणाऱ्याच्या किंवा मुळातच भरपूर स्नायू कमावलेल्या माणसाच्या शरीरात क्रिएटिनिन तयारच अधिक होत असल्यामुळे, मूत्रपिंडे पूर्णपणे निरोगी असतानाही आकडा थोडा वर सरकू शकतो. अशा वेळी स्नायूंच्या प्रमाणावर फारसे अवलंबून नसलेल्या सिस्टॅटिन सी या रक्तातील प्रथिनाची तपासणी अधिक विश्वासार्ह चित्र देते. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशन या संस्थेने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पाच वर्षांपर्यंतच्या वापरातही निरोगी व्यक्तींना अपाय झाल्याचे आढळले नाही. नेहमीची मात्रा तर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम एवढीच असते. या भीतीला बळ देणारे एक प्रकरण १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते, पण त्यातील २५ वर्षांच्या तरुणाला मूत्रपिंडाचा विकार आधीपासूनच होता. त्या प्रकरणातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे: ज्यांना असा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय क्रिएटिन घेऊ नये. त्यावरून निरोगी माणसाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

केसांचा मुद्दा २००९ च्या एका छोट्या अभ्यासातून आला. त्यात दक्षिण आफ्रिकेतील तरुण रग्बी खेळाडूंच्या रक्तात, टक्कल पडण्याशी संबंधित डीएचटी हे संप्रेरक वाढलेले दिसले, मात्र केस गळतात का, हे त्यात मोजलेच नव्हते.

“सगळी पूरके सारखीच” हे विधान मला सर्वाधिक हानिकारक वाटते, कारण धोक्याची जागा त्यामुळे झाकली जाते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतून घेतलेली ६३४ पूरके तपासली गेली, तेव्हा ९४ पूरकांत, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली स्टिरॉइडसदृश संप्रेरके सापडली. अनेक घटकांचे मिश्रण असलेली, प्रत्येक घटकाचे प्रमाण न सांगणारी आणि काही आठवड्यांत कायापालट करण्याचे आश्वासन देणारी उत्पादने याच कारणाने संशयास्पद ठरतात. अशा छुप्या संप्रेरकांमुळे यकृताला इजा होऊ शकते आणि शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉननिर्मिती मंदावू शकते. क्रिएटिनलाही त्यांच्याच पंक्तीत बसवले, की दोघांत निवड कशी करावी, हे सांगायला काही उरत नाही आणि तरुण मुले डब्यावरच्या जाहिरातीवर विसंबतात.

म्हणून पूरक घ्यायचेच असेल, तर एकाच घटकाचे आणि ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ यांसारख्या स्वतंत्र चाचणीची खूण असलेले निवडावे. मूत्रपिंडांची तपासणी करण्यापूर्वी आपण क्रिएटिन घेत आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे वाढलेल्या आकड्याचा अर्थ लावताना त्यांना ती माहिती विचारात घेता येईल.