अमेरिकन जनतेला पिस्तुलाचा परवाना खरंच नकोय?

अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक ठरलेला मजकूर फिरतो: तिथल्या जनतेलाच पिस्तूल घेण्यासाठी परवान्याची अट नकोय, परवाना ही बंदीची पहिली पायरी आहे आणि घटनेत तो बसतही नाही.

आधी जनतेचं पाहू. बंदूक विकत घेण्याआधी परवाना सक्तीचा करावा का, असं अमेरिकेतल्या क्विनिपियाक विद्यापीठाने मे २०१९ मध्ये जनमत पाहणीत विचारलं, तेव्हा ७७ टक्के लोक हो म्हणाले. ऑगस्टमध्ये, एल पासो आणि डेटनच्या हत्याकांडांनंतर, ८२ टक्के. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पाहण्यांत तर खुद्द बंदूकमालकांमध्येही बहुमत परवान्याच्या बाजूने आहे.

मग बहुतेक राज्यांत अशी अट का नाही? कारण कायदे विधिमंडळं करतात. नॉर्थ कॅरोलिनात शेरीफकडून (म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाकडून) पिस्तुलाचा परवाना घेण्याची अट १९१९ पासून होती. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नर रॉय कूपर यांचा नकाराधिकार धुडकावून ती रद्द केली. त्यावर जनतेचं मतदान झालं नाही. (शेरीफ कृष्णवर्णीयांना परवाने नाकारत, हा रद्द करणाऱ्यांचा एक मुद्दा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.)

ऑरेगनात मात्र लोकांनी थेट मतदान केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदूक घेण्याआधी परवाना सक्तीचा करणारा ‘मेझर ११४’ हा प्रस्ताव मंजूर झाला, पण जेमतेम ५१ टक्क्यांनी. त्यात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवरची बंदीही होती, त्यामुळे हा निव्वळ परवान्यावरचा कौल नव्हे. तरी पाहणीत फोनवर दिलेला होकार मतपेटीपर्यंत पुरता पोहोचत नाही, हे मान्य करायलाच हवं. पाठिंबा रुंद आहे, खोल किती हे सांगता येत नाही. पण ‘जनतेलाच नकोय’ हे यातून निघत नाही.

बंदीची भीती? पोलीस वगैरे सोडून इतरांना पिस्तूल बाळगायला बंदी असावी, असं गॅलप या जनमत पाहणी संस्थेला १९५९ मध्ये ६० टक्के लोकांनी सांगितलं होतं. २०२१ मध्ये फक्त १९ टक्क्यांनी. म्हणजे परवाना मागणाऱ्यांतल्या बहुतेकांना बंदी नकोच आहे. कनेक्टिकटमध्ये १९९५ पासून परवाना लागतो, आणि पिस्तुलं आजही विकली जातात.

राहिली घटना. मेरीलँडच्या २०१३ च्या कायद्यानुसार पिस्तूल घेण्याआधी बोटांचे ठसे आणि चार तासांचं प्रशिक्षण लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये चौथ्या सर्किटच्या (सर्वोच्च न्यायालयाखालच्या संघीय अपील न्यायालयाच्या) पूर्ण पीठाने तो वैध ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचं अपील ऐकायला नकार दिला.