स्कोअरशीटचा फोटो बघून मार्क वाटणाऱ्या भाऊंसाठी

सकाळी एकदा लिहून खोडलं, कारण त्यात शिव्या फार झाल्या होत्या. आता दुकान बंद करून, जेवून, शांत डोक्यानं बसलेय. डोकं किती वेळ शांत राहतंय ते बघू.

झालं असं की काल आमच्या बास्केटबॉलच्या पोरी हरल्या. सीझनचा दुसराच सामना, तोही घरच्या मैदानावर, ४१-४७. रात्री कुणीतरी स्कोअरशीटचा फोटो जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला आणि आज सकाळी चहाच्या वेळेला पुण्याहून एका भाऊंनी निकाल जाहीर केला. सात नंबर, दहापैकी ९. चार नंबर, ६. नऊ नंबर, ४, "स्लो वाटते". अकरा नंबर, २, "डिसिप्लिन नाही". पंधरा नंबर, शून्य, "हिला कोण घेतं टीममध्ये?" खाली अंगठ्यांची रांग. एकानं तर "परफेक्ट अॅनालिसिस भाऊ" असं लिहून फुलं वाहिली.

भाऊ, "वाटते" म्हणजे काय? तुम्ही मैदानावर नव्हतात. लातुरातच नव्हतात. तरी तुम्हाला नऊ नंबर स्लो वाटली. फोटोत पळताना दिसली का ती?

आपण सगळेच कधी ना कधी टेबलवर बसून शीट भरलेली माणसं. त्यात काय असतं हे सांगायची खरं तर गरज नाही, पण आज सांगते. बास्केट पडलं की रनिंग स्कोअरच्या आकड्यावर तिरपी रेघ, शेजारी खेळाडूचा नंबर. तीनचं असेल तर नंबराला गोल. फाउलवर मिळणाऱ्या फ्री थ्रोला भरीव टिंब. डावीकडं प्रत्येकीच्या नावापुढं फाउलचे पाच खाने, पाच भरले की ती बाहेर, वर टीम फाउल आणि टाइम आउट. झालं. रिबाउंडला, म्हणजे चुकलेला शॉट झेलण्याला, त्यात जागा नाही. पासला नाही. मैत्रिणीला मोकळं करायला कुणी स्क्रीन लावली आणि समोरचीचा खांदा छातीवर घेतला, त्याला तर नाहीच. सामना कोण जिंकलं आणि कोण बाहेर गेलं एवढं कळावं म्हणून ती शीट असते. तिच्यावरून पोरींचं प्रगतिपुस्तक भरायला निघालात तुम्ही.

ते "अकरा नंबर, २" वाचलं आणि मला थोरली आठवली.

थोरली म्हणजे आमच्या वेळच्या टीममधली. नाव लिहीत नाही, ती इथं फेसबुकवर आहे आणि तिला आवडणार नाही. वयानं आमच्यात मोठी म्हणून थोरली. तेव्हा क्वार्टर नव्हते, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे. परभणीला सामना होता. समोरच्या टीमची सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी, एवढी उंच की आम्ही वॉर्मअप सोडून तिच्याकडंच बघत बसलो. सरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला बॉल नाही मिळाला तर चालंल. हिला रिंगखाली उभं राहू द्यायचं नाही." एवढंच. थोरलीनं अख्खा सामना त्या पोरीला पाठ लावून काढला. कोपर बरगडीत, पायावर पाय, तरी जागा सोडली नाही. पाचवा फाउल झाला आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या नावापुढं पॉइंट शून्य. सामना आम्ही एका पॉइंटनं जिंकलो. पुढच्या टीमची यादी निघाली तेव्हा टेबलापाशी कुणीतरी शीट उलटत म्हणालं, "शून्य पॉइंट, पाच फाउल. हिला कशाला न्यायचं?" थोरली तिथंच, त्यांच्या पाठीमागं बुटाची नाडी सोडत बसली होती.

यादीत तिचं नाव आलं नाही. ती परत मैदानावर आली नाही.

आता कालचं बघा. आमची अकरा नंबर. पॉइंट दोन, फाउल पाच. समोर त्यांची बारा नंबर, हिच्यापेक्षा वीतभर उंच. अकरा नंबर बाहेर गेली तेव्हा आम्ही ३६-३५ पुढं होतो. भाऊ, निदान तीच शीट तरी नीट वाचायची. उजवीकडचा रनिंग स्कोअर काढा, शेवटचा क्वार्टर. पस्तीसच्या पुढं त्यांच्या बाजूला कुणाचा नंबर परत परत येतोय? बारा. बारा. मध्ये एकदा पाच नंबर, मग परत बारा. तीन क्वार्टर जी पोरगी गप्प होती, ती अचानक कशी पेटली याचा विचार तुमच्या अॅनालिसिसमध्ये कुठं आला नाही. पाचातला एक फाउल तिनं उगाच केला, अर्ध्या मैदानावर मागून हात मारला, तो मूर्खपणाच होता. पण बाकीचे चार? ते रिंगखालचे, पैसा वसूल फाउल होते. माझ्याकडून अकरा नंबरला ८. लिहून घ्या.

आणि मार्क द्यायचेच आहेत ना, मग सगळ्यांनाच देते. आपल्या गावाला मार्कांचा तसाही सोस आहे. लातूर पॅटर्नवाले आपण. रिक्षावाल्याला नीटचा कटऑफ पाठ असतो इथं. पोरगी मैदानावरून घरी आली तर तहान लागली का हे विचारायच्या आधी टेस्टचे मार्क विचारतात. एक जागा उरली होती मार्कांशिवायची, तिथंही भाऊ लाल पेन घेऊन आले.

सात नंबर. तुमची ९ वाली. बावीस पॉइंट केले पोरीनं, खोटं कशाला बोलू, हात सुंदर आहे तिचा. डावीकडून आत घुसून तिनं जो उलट्या हाताचा ले-अप टाकला त्याला समोरच्यांच्या बाकावरून पण टाळ्या आल्या. पण बॉल गेला की तिचं काम संपतं. शॉट चुकला की कमरेवर हात. समोरच्या पोरी पळत सुटलेल्या आणि ही हाफलाइनवर रेफरीला तोंड दाखवतेय. तिनं बावीस केले आणि तिच्या बाजूनं किती गेले हे शीटवर नसतं. माझ्याकडून ६. ओरडणार आहेत मला तिच्या घरचे, ओरडू देत.

चार नंबर ७. बॉल आणायचं काम तिचं. आठ सेकंदांत हाफलाइन ओलांडायची आणि अंगावर दोन-दोन पोरी. तीनदा बॉल घालवला तिनं, बरोबर. पण ती क्लासमधून थेट आली होती, दप्तर पाठीवर, केमिस्ट्रीची टेस्ट देऊन. बारावीत आहे. आईनं सांगितलंय, दिवाळीनंतर खेळ बंद. तिला घालवायला आपलं गाव समर्थ आहे, तुमच्या ६ ची गरज नव्हती.

नऊ नंबरवर मात्र मला जास्त बोलायचंय. "स्लो वाटते."

ही पोरगी औशाकडून येते, एसटीनं. सध्या सोयाबीनची काढणी चालू आहे, तुम्हाला पुण्यात आठवत असेल नसेल. मजूर मिळंना म्हणून घरचे सगळे रानात. परवा प्रॅक्टिसला आली तेव्हा बॉल पकडताना दरवेळी तोंड वाकडं करायली होती. मी म्हणलं, "काय झालंय गं, हात दाखव." दाखवंना. ओढून बघितला तर तळव्यावर सगळ्या बारीक रेघा, वाळल्या शेंगांनी चिरलेल्या, आणि बोटांच्या पेरांत कूस अडकलेलं. चिकटपट्टी लावून खेळली ती काल. चिकटपट्टीवर बॉल घसरतो, म्हणून दुसऱ्या हाफमध्ये ती पण काढून टाकली. तरी आमचे सगळ्यात जास्त रिबाउंड तिचे. मी मोजत होते, कारण शीट मोजत नाही. तिला मी काय मार्क देऊ? ९ देते. दहावा तिनं पासला उशीर केला म्हणून कापला, फुकट काही नाही.

ग्रुपवर रोज मायकेल जॉर्डनचे फोटो टाकणाऱ्यांनो, त्याच शिकागो बुल्समध्ये एक डेनिस रॉडमन होता, विसरलात का? सलग सात सीझन अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये रिबाउंडला पहिला. १९९६, ९७, ९८ ची तिन्ही विजेतेपदं जॉर्डनसोबत, त्याआधी डेट्रॉइटकडून दोन. कारकिर्दीची सरासरी सामन्याला ७.३ पॉइंट. २०११ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. आपल्या टेबलावरची शीट बघून तुम्ही त्याला ३ दिले असते आणि "केस रंगवतो, डिसिप्लिन नाही" असा शेरा मारला असता. परभणीत थोरलीनं त्या दिवशी नेमकं हेच, शीटवर न दिसणारं काम केलं होतं.

फ्री थ्रो. हो, येते त्यावर पण, नाहीतर म्हणाल टाळलं. अठरापैकी सहा. लाज वाटावी असं आहे. बोर्डापासून ४.६० मीटर, समोर कुणी आडवं नाही, हाताशी पाच सेकंद. सहा पॉइंटनं हरलो आणि बारा फ्री थ्रो सोडले. एनबीएतल्या शॅकिल ओनीलचेही जवळपास निम्मे चुकायचे, पण तो रिंग वाकवायचा, आपल्याला ती सोय नाही. तेवढा मुद्दा भाऊंचा बरोबर, दिला.

पण मग तो राग कोचवर का नाही? त्याचं नाव तुमच्या यादीतच नाही. दुसऱ्या हाफला तीन टाइम आउट असतात. शीटवर बघा, आमच्या एकाच खान्यात नोंद आहे, बाकीच्या दोन खान्यांवर आडव्या जोडरेघा. म्हणजे वापरलेच नाहीत. अकरा नंबर बाहेर गेली, समोरच्या बारा नंबरनं लागोपाठ दोन टाकले, तिथंच थांबवायचं होतं. पोरींना श्वास घेऊ द्यायचा होता, झोन डिफेन्स लावायचा होता. हा पठ्ठ्या हाताची घडी घालून उभा. मी कालच तोंडावर सांगितलं त्याला, ग्रुपवर नाही. ५. त्यातही दोन मार्क एवढ्याचे की तो एक रुपया घेत नाही आणि सकाळी साडेपाचला बॉलची पिशवी खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी मैदानावर असतो.

आता पंधरा नंबर.

खरं तर इथंच सकाळी शिव्या सुरू झाल्या होत्या. आठवीतली पोरगी आहे ती. आठवीतली! उंच म्हणून घेतली, अजून हातपाय तिचं तिलाच सापडत नाहीत. अकरा नंबर बाहेर गेल्यावर कोचकडं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून थेट शेवटच्या क्वार्टरमध्ये उतरवली. तिच्या समोर कोण? ती बारा नंबर. पहिल्यांदा बॉल हातात आला तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली आणि चार नंबर "इकडं दे, इकडं दे" ओरडायली. एक शॉट मारला, बोर्डालासुद्धा लागला नाही. पण शेवटचं मिनिट राहिलेलं, सामना हातातून गेलेला, सात नंबर कमरेवर हात ठेवून उभी, आणि ही एकटी पूर्ण मैदान पळत जाऊन त्या बारा नंबरच्या समोर हात वर करून उभी राहिली. बास्केट पडलंच तिच्या डोक्यावरून. पण ती तिथं होती.

तिचे वडील आपल्या ग्रुपवर आहेत, भाऊ. तुम्हाला माहीत नसेल, नवीन आहेत, मीच घेतलं त्यांना. त्यांनी तुमचा शून्य वाचला. दुपारी दुकानात आले, ओआरएसचे दोन पुडे घेतले आणि पैसे देता देता म्हणाले, "ताई, पोरगी नाही म्हणूलालीय उद्यापासून. आम्ही पण जोर करणार नाही." आवाजात राग पण नव्हता हो. मी काय बोलणार? मोबाइल कुणाच्या हातात पडला असेल ते कळायला काय ज्योतिषी लागतो?

मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. पोरगी आधी बाहेरच येईना. मग आली. मी तिला थोरलीचं सगळं सांगितलं, परभणी, ती उंच सेंटर, शीट, नाडी, सगळं. तिनं एकच विचारलं, "मग त्या परत का नाही आल्या?" मला उत्तर देता आलं नाही. ती उद्या येते का नाही ते उद्याच कळंल. तिला मार्क देत नाही मी. मागू पण नका.

टीका करू नका असं मी म्हणत नाही. पोरी काचेच्या नाहीत, आम्हाला सरांनी काय काय ऐकवलंय ते तुम्हाला माहीत आहे. पण सर ऐकवायचे ते मैदानावर, समोर उभं राहून, आणि मग आमच्यासोबतच टमटममध्ये कोंबून घरी यायचे. तुम्हाला खरंच कळकळ असेल तर या, टेबलवर बसा, एका कागदावर रिबाउंड आणि पास मोजा, मला तेवढीच मदत. रिंगची जाळी फाटून महिना झाला, ती बांधायला पण एक उंच माणूस हवाच आहे.

भाऊ, तुमची ती पोस्ट ग्रुपवरून काढा. आज रात्रीच. अॅडमिन मी आहे, मी पण काढू शकते, पण तुम्ही काढलेली बरी.

बाकीच्यांसाठी: रविवारी नांदेडला सामना आहे. एक गाडी ठरलीय, अजून एक कमी पडतेय. कुणाकडं सात सीटर असेल तर मेसेज करा, डिझेल आम्ही टाकू. निघायचं सकाळी सहाला, गांधी चौकातून. उशीर करणाऱ्याला सोडून जाणार.