बर्लिनचा दाखला देण्यापूर्वी

महावितरणच्या क्षेत्रात दुसऱ्या कंपनीला समांतर परवाना देण्याचा विषय निघाला, की आमच्या नात्यातली शिकलीसवरली मंडळी हटकून म्हणतात, परदेशात बघा, हवी ती वीज कंपनी निवडता येते. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी याच प्रश्नावर ७२ तासांचा संप पुकारला तेव्हाही हेच ऐकले होते. त्या परदेशात मी राहतो, म्हणून हा दाखला मला फार खुपतो.

बर्लिनमध्ये घर ताब्यात घेतले त्या दिवशी दिवे चालू होते. त्याचे श्रेय निवडीच्या स्वातंत्र्याला नाही, कायद्याला आहे. त्या भागात ज्या कंपनीकडे सर्वाधिक घरगुती ग्राहक असतात तिच्यावर मूलभूत पुरवठ्याचे बंधन असते आणि आपण वीज वापरायला लागलो की तिच्याशी करार झाला असे मानले जाते. तिचा दर सहसा चढा असतो. स्वस्त कंपन्यांकडे अर्ज केले, तर शूफामध्ये, म्हणजे ग्राहकांची पत नोंदवणाऱ्या जर्मन संस्थेत, माझी कसलीच नोंद नसल्याने नकार आले. निवड होती, पण नवख्या परदेशी माणसासाठी नव्हती. २०२१ च्या अखेरीस घाऊक दर भडकले तेव्हा अशाच काही स्वस्त कंपन्यांनी पुरवठा थांबवला आणि त्यांचे ग्राहक रातोरात मूलभूत पुरवठादाराच्या पदरात पडले, हेही आमच्या मंडळींना ठाऊक नसते.

शिवाय इथे बदलतो तो केवळ वीज विकणारा. तारा आणि सहसा मीटरही एकाच जाळ्याचे असतात. आपल्या २००३ च्या वीज कायद्यानुसार समांतर परवानाधारकाने स्वतःचे जाळे उभारणे अपेक्षित आहे, तेव्हा ही तुलना मुळातच जुळत नाही. बर्लिनने तर ते जाळे २०२१ मध्ये व्हॅटनफॉल या स्वीडन सरकारच्या मालकीच्या कंपनीकडून विकत घेऊन पुन्हा स्वतःच्या मालकीचे केले. हॅम्बुर्गच्या नागरिकांनी २०१३ मध्ये सार्वमताने तसाच कौल दिला होता. हे सांगितले की समोरून उत्तर येते, "पण तुमच्याकडे वीज जात नाही ना!" क्वचितच जाते, हे मान्य. मात्र बर्लिनमधील जवळजवळ सर्व तारा जमिनीखाली आहेत, आणि त्या पुरण्याशी कंपन्यांच्या संख्येचा काय संबंध, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

हे सारे मी पनवेलला फोनवर मोठ्या हिरिरीने सांगतो. तिथे पावसाळ्यात तार तुटली की आई अर्धी रात्र अंधारात बसते आणि तिला माझ्या कायद्याच्या कलमांचा उपयोग नसतो. घरचे बिल आजही कैलासवासी आजोबांच्या नावावर येते आणि ते मी बर्लिनमधून भरतो. नाव बदलून घे, असे आई अनेकदा म्हणते. मी कागदपत्रांची सबब सांगतो. खरे तर जिथे पुन्हा राहायला जाईन याची खात्री नाही, तिथे ग्राहक म्हणून नाव लावायला मन धजत नाही. महावितरणची बाजू मी इतक्या आवेशाने घेतो, त्यात या संकोचाचाही वाटा असावा. उद्या पनवेलमध्ये दुसरी कंपनी आलीच, तर आई अर्ज भरण्यापूर्वी मलाच विचारेल, आणि मीही आधी दरांचा तक्ता मागेन.