दुधीला कास नसते

मंगळवारी आईनं सोलापूरच्या लक्ष्मी मंडईतून आणलेला दुधी न चिरताच कचऱ्यात टाकला. नान्नजहून मामेभावानं पाठवलेली द्राक्षांची पेटी शेजारीपाजारी वाटून टाकली. कारण काय, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज. "काय की रे, सगळ्यांनी पुढं पाठवलंय, खोटं असंल व्हय?" शेजाऱ्यांना विष वाटताना मात्र तिला काही वाटलं नाही. असो.

मेसेजात चार दावे आहेत. दुधीला, काकडीला संध्याकाळी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात आणि सकाळी ती दुप्पट होते. खरं द्राक्ष गोलच असतं, लांबडं ते केमिकलनं 'ओढलेलं'. वाकडी काकडी म्हणजे बिघडवलेलं बी. तडकलेलं डाळिंब म्हणजे औषधानं फुगवलेलं.

पहिल्यावरच माझं डोकं फिरलं. ऑक्सिटोसिन हे शरीरातलं संप्रेरक, ९ अमिनो आम्लांची छोटी साखळी. म्हशीच्या कासेत ती काम करते, कारण तिथं दूध तयार करणाऱ्या पेशींभोवती आवळणाऱ्या पेशी असतात आणि ऑक्सिटोसिन ओळखायची सोय त्यांच्यात असते. इशारा मिळाला की त्या आवळतात, म्हैस पान्हा सोडते. बाळंतपणात गर्भाशयही असंच आवळतं. म्हणजे हे औषध फुगवणारं नाहीच, आवळणारं आहे! दुधीला ना कास, ना स्नायू. चोरून म्हशींना ते टोचतात हे खरं, आणि तो गुन्हाच आहे. कुणी दुधीलाही टोचत असेल, पण त्यानं पैसे वाया घालवले. सुईच्या भोकातून कोवळं फळ कुजलं तर आणखी नुकसान.

"मग एका रात्रीत वाढतंय कसं?" वाढतंच की! आमच्या गच्चीवरच्या वेलाला कोवळा दुधी धरला होता. त्यावर मी मार्करनं सेंटिमीटरला एक अशा रेघा मारल्या. संध्याकाळी ७ वाजता दुधी १४ सेंटिमीटर, सकाळी ७ वाजता साडेसोळा. रेघांमधली अंतरं फाकली होती. इंजेक्शन सोडा, त्या संध्याकाळी मी पाणी घालायलाही विसरलो होतो.

फळ धरल्यावर आधी पेशींची संख्या वाढते, मग त्याच पेशी पाणी घेऊन मोठ्या होतात. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षा जास्त असतो. पेशीची भिंत सैल पडली की पाणी शिरतं आणि पेशी वाढते. पण कुठल्या अंगानं वाढायचं हे भिंतीतले सेल्युलोजचे धागे ठरवतात. चादरींच्या गावात हे काय वेगळं सांगायचं? ज्या अंगाला धागा घट्ट, त्या अंगाला कापड ताणत नाही. पिंपाला पट्ट्या मारतात तसे धागे पेशीभोवती आडवे असले की पेशी जाड न होता लांब होते. भाचीसमोर मी अर्धवट फुगवलेल्या गोल फुग्याला चिकटपट्टीची कडी घातली आणि फुंकलं. फुग्याची काकडी झाली.

हे घरगुती झालं. पॉल ग्रीन या शास्त्रज्ञांनी शैवालाच्या नळीसारख्या लांब पेशींना कोल्चिसिन नावाचं औषध दिलं, तर त्या गोल फुगायला लागल्या. त्यावरून १९६२ मध्ये त्यांनी अंदाज मांडला की धाग्यांची दिशा ठरवणारं, प्रथिनाचं बारीक काहीतरी पेशीत असलं पाहिजे आणि कोल्चिसिन ते मोडतं. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींच्या पेशींत भिंतीलगत, धाग्यांना समांतर अशा सूक्ष्म नळ्या दिसल्या. बघा, इथं औषधानं लांबडं होतं ते गोल झालं. मेसेजच्या बरोबर उलटं.

द्राक्षाच्या बाबतीत थोडी माघार घ्यावी लागते. घड जिबरेलिक आम्लात, म्हणजे बागायतदारांच्या 'जीए'त, बुडवतात. मामेभाऊही बुडवतो, उघड बुडवतो. पण हे संजीवक, म्हणजे वाढीचं संप्रेरक, वनस्पती स्वतःच तयार करतात, फळात ते मुख्यतः बियांतून मिळतं. बिनबियांच्या द्राक्षाला ते कमी पडतं, म्हणून बाहेरून द्यायचं. त्यानं मणी मोठा आणि लांबट होतो, एवढं कबूल. पण 'खरं द्राक्ष गोलच' हे कुणी ठरवलं? नान्नजच्याच नानासाहेब काळे या बागायतदारांनी निवडलेलं सोनाका हे द्राक्ष जातीनंच लांबडं आहे.

काकडी वाकडी होते ती बहुधा परागीभवन अर्धवट झाल्यानं. एका अंगाला बी धरत नाही, ते अंग मागं राहतं. चवीला काही फरक नाही.

आणि डाळिंब? सांगोल्यातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. पाण्याचा ताण पडून साल कडक झाली आणि मग एकदम पाणी मिळालं, की आतले दाणे फुगतात, साल ताणत नाही, फळ तडकतं.

गच्चीवरचा दुधी आता ३० सेंटिमीटर झालाय. काल आईला म्हटलं, आता तरी याची भाजी कर. तर म्हणाली, "ते मार्करमधी काय असतंय ते आधी बघ."