‘माल देणारा फक्त बदलला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ही प्रतिक्रिया मी चार दिवस तशीच ठेवली होती. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण रोज रात्री ती उघडून पुन्हा वाचतोय, तेव्हा लिहून मोकळं झालेलं बरं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा मूळ लेख हेरॉईन सोडताना ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधं दीर्घकाळ घेण्याबद्दल होता. त्यावर या वाचकांचं म्हणणं असं, की मी हेरॉईनचा सनच चुकीचा दिला आहे. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी गोळ्यांवाचून हेरॉईन सोडलं. घरच्यांच्या हालांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. या गोळ्या बाहेर विकल्या जातात. आणि त्यांच्या चुलत भावाला त्यांनी गेल्या महिन्यात आठ दिवस खोलीत ठेवून, एकही गोळी न देता ‘साफ’ केलं. या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य आहे: ‘रोज गोळी गिळणारा गर्दुल्ला तो गर्दुल्लाच, माल देणारा फक्त बदलला.’ सुरुवात ‘लेखक महाशय’ अशी, शेवट ‘अरे, आधी स्वतःकडे बघ’ असा.

सनाबद्दल आधी. तुमचं बरोबर आहे. ‘हेरॉईन १८७४ साली औषध म्हणून विकायला आलं’ असं मी लिहिलं होतं. १८७४ साली लंडनमध्ये राइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनपासून तो पदार्थ पहिल्यांदा तयार केला. बायर कंपनीने ‘हेरॉईन’ या नावाने खोकल्याचं औषध म्हणून तो बाजारात आणला १८९८ मध्ये. चोवीस वर्षांचा फरक आहे आणि चूक माझी आहे. लेखात दुरुस्ती केली. पण चूक दाखवायची तर चूक दाखवावी. ‘अभ्यास नसेल तर लिहिता कशाला’ हे शेपूट तिला जोडायची काय गरज होती? आणि ‘महाशय’वरून ‘अरे’वर यायला तुम्हाला जेमतेम पंधरा ओळी लागल्या. आपली ओळख नाही, वय मला ठाऊक नाही, मी तुम्हाला अहो-जाहोच करणार.

आता ते वाक्य.

‘गर्दुल्ला’ हा शब्द मी पहिल्यांदा माझ्या बाबतीत ऐकला तो माझ्या सख्ख्या मामांच्या तोंडून. मी आतल्या खोलीत होतो, दार लोटलेलं होतं. ते आईला म्हणत होते, ‘गर्दुल्ल्याला घरात ठेवून तू बाकीच्यांचंही वाटोळं करशील.’ त्या दिवशी मी पन्नीवर हेरॉईन ओढायला सुरुवात करून दोन वर्षं झाली होती. त्यानंतर आणखी चार वर्षं ओढत राहिलो. त्या चार वर्षांत मी तीनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो आहे, कारण आत गेलो की केसपेपरवर तोच शब्द लिहिला जाईल असं मला वाटायचं. तो कोणीही लिहीत नाही, हे मला फार उशिरा कळलं. शब्दाने माणूस सुधारतो असं तुम्हाला वाटत असेल तर माझी ती चार वर्षं घेऊन जा आणि मोजा.

‘गोळी गिळणारा’ हेही चूक आहे. ब्युप्रेनॉर्फिन गिळत नाहीत, जिभेखाली ठेवून विरघळू देतात. गिळली तर तिचा बराचसा भाग यकृतातच संपतो, रक्तात फार थोडा पोचतो. ज्या गोष्टीवर इतक्या ठामपणे निकाल द्यायचा, ती तोंडात कुठे ठेवतात एवढं तरी माहीत असावं.

आणि ‘माल देणारा फक्त बदलला’. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून त्याच्याकडेच सगळा वेळ देतो.

हेरॉईन ओढणाऱ्याचा दिवस कसा असतो ते सांगतो. हेरॉईन मेंदूत झपाट्याने शिरतं, त्याचं मॉर्फिन होतं, आणि चार-सहा तासांत असर ओसरायला लागतो. म्हणजे अख्खा दिवस चार-चार तासांच्या तुकड्यांत कापलेला. पहिल्या तुकड्यात बरं वाटतं, पण तेही पहिले काही महिनेच; पुढे नुसतं ‘नॉर्मल’ वाटण्यासाठी ओढावं लागतं. शेवटच्या तासात डोळ्यांतून पाणी, नाक गळणं, एकामागून एक जांभया. आठ-बारा तास मिळालं नाही की टर्की सुरू होते. अंगावर काटा, घाम आणि थंडी एकदमच, पोटात मुरडा, जुलाब, पाय आपोआप झटकले जातात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. शरीराचा हा भाग आठवडाभरात बराचसा उतरतो हे खरं आहे. झोप मात्र कित्येक आठवडे येत नाही, आणि कशातच रस वाटत नाही, ते महिनोन् महिने.

आता गोळीचा दिवस. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसतं, पण हेरॉईनसारखा पूर्ण धक्का देत नाही, अर्धवट देतं. ते घट्ट बसतं आणि सावकाश सुटतं, म्हणून दिवसातून एकदा पुरतं. ठरावीक मर्यादेनंतर जास्त घेतलं तरी श्वास दाबण्याचा त्याचा परिणाम फारसा वाढत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर मात्र ते धोक्याचं, हेही सांगून ठेवतो. ते बसलेलं असताना वरून हेरॉईन ओढलं तर त्याला बसायला जागाच फारशी उरत नाही. मी पहिल्यांदा घाई केली होती. शेवटचं ओढून पाच तासही झाले नव्हते आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं की काल रात्रीपासून काही नाही. अर्ध्या तासात आयुष्यातली सगळ्यात भयानक टर्की झाली, कारण गोळीने आतलं हेरॉईन एका झटक्यात हुसकून लावलं. दुसऱ्या वेळी नीट थांबलो, टर्की चांगली सुरू होऊ दिली, मग घेतली.

तीन आठवड्यांनी वडिलांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. नंबर यायला अडीच तास लागले. मी शेजारी बसून होतो. एकदाही घड्याळ पाहिलं नाही, काहीतरी कारण काढून बाहेर सटकलो नाही, वडिलांच्या खिशाकडे नजर गेली नाही. ‘तू थकलास का रे?’ असं वडीलच मला विचारत होते. सहा वर्षांत मी सलग अडीच तास कोणाच्याही शेजारी बसलो नव्हतो.

ही गोळी मी आठ वर्षं घेतो आहे. आज सकाळीही घेतली. हे मी आजवर इथे लिहिलं नव्हतं; मूळ लेखातही ‘काही जण’ असं म्हणून स्वतःला त्यात लपवलं होतं. तुमच्या वाक्यातला तो माणूस मी आहे. गोळी अचानक थांबवली तर मला त्रास होईल, होय. शरीराला तिची सवय झाली आहे. पण शरीराला सवय असणं आणि व्यसन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसन म्हणजे नुकसान समोर दिसत असतानाही हात न थांबणं, त्यासाठी खोटं बोलणं, चोरी करणं, जगण्यातली बाकी प्रत्येक गोष्ट त्याच्यामागे ढकलणं. आठ वर्षांत मी यातलं काहीही केलेलं नाही. तुम्हाला यात फक्त ‘माल देणारा’ बदललेला दिसत असेल, तर तुम्ही माझ्या वडिलांच्या शेजारी कधी बसला नाहीत, एवढंच म्हणतो.

मी आणि माझा एक मित्र एकाच व्यसनमुक्ती केंद्रात, एकाच खोलीत होतो. तिथे गोळी मिळत नसे, ‘शुद्ध’ होऊनच बाहेर पडायचं. दोघेही झालो. त्याच्या घरच्यांनी त्याचा सत्कार केला असता, इतके ते आनंदात होते. बाहेर आल्यावर अकराव्या दिवशी तो न्हाणीघरात गेला आणि आतून कडी लावली. त्याने पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं होतं, कणभरही जास्त नाही. पण महिनाभरात शरीर ती सहनशक्ती विसरलेलं असतं. कालपर्यंत पचणारं प्रमाण आज श्वास बंद करतं. दार तोडेपर्यंत उशीर झाला होता. त्याला इच्छाशक्ती नव्हती असं कोणी माझ्यासमोर म्हणू नये.

हे त्याच्या एकट्याचं नशीब नव्हे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट होता. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा: मेथाडोनवर असताना हजार माणसांमागे वर्षाला ११.३ मृत्यू, ते औषध थांबल्यावर ३६.१. (मेथाडोन सुरू करतानाचे पहिले चार आठवडेही जपण्याचे असतात, हेही त्यात आहे, लपवत नाही.) फ्रान्समध्ये १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन देता येऊ लागलं, आणि चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी उतरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधं २००५ पासून आहेत. या सगळ्यांनाही ‘आधी स्वतःकडे बघ’ असं म्हणणार आहात का?

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. व्हिएतनामचा दाखला मला माहीत आहे. ते सैनिक युद्ध, माल आणि तो अख्खा देश मागे टाकून घरी आले होते, ज्याचा माल देणारा गल्लीच्या टोकाला उभा आहे त्याला तो लागू करू नका. गोळ्या बाहेर विकल्या जातात, हो, विकल्या जातात. म्हणूनच सुरुवातीला त्या दवाखान्यात समोर उभं राहून घ्यायला लावतात. घरच्यांबद्दल लिहिलं नाही कारण लेख त्यांच्याबद्दल नव्हता. गोळी कधी थांबणार, हे मी आणि माझे डॉक्टर ठरवू.

तुमच्या चुलत भावाबद्दल मात्र लिहायलाच हवं, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. गेल्या महिन्यात आठ दिवसांत तो ‘साफ’ झाला असं तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे. माझ्यावरचा राग बाजूला ठेवा आणि एवढं वाचा. त्याच्या शरीराची सहनशक्ती आत्ता जवळपास शून्यावर आहे. तो एकदाही घसरला तर त्याचं जुनं प्रमाण त्याला मारू शकतं. हे त्याला सांगा, ओरडून नाही, शेजारी बसून. नॅलोक्झोन नावाचं औषध असतं, ओव्हरडोसमध्ये श्वास परत आणतं. ते घरात ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचारा, आणि गोळीबद्दलही विचारा. तो कधी हलवून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल, तर ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणू नका. रुग्णवाहिका बोलवा, नॅलोक्झोन असेल तर द्या, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नॅलोक्झोनने तो उठून बसला तरी त्याला एकटं सोडू नका. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि हेरॉईन त्यानंतरही आत असू शकतं.

आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी असेल तर ती आजच काढून टाका.