या, बसा, वेल्थ मॅनेजर व्हा

बी.कॉम. झालंय, पुण्यात राहून एमपीएससी देता देता वय सरत आलंय, आणि जेवताना वडील मुद्दाम काहीच विचारत नाहीत, अशी तुमची अवस्था असेल तर वेल्थ मॅनेजमेंटच्या क्षेत्रात तुमचं स्वागत आहे. त्यासाठी स्वतःकडे वेल्थ असावी लागते हा गैरसमज आधी काढून टाका. ती असती तर दुसऱ्याची सांभाळायला तुम्ही टाय बांधून सांगलीच्या उन्हात कशाला फिरला असता?

ॲसेट मॅनेजमेंट आणि वेल्थ मॅनेजमेंट यांत घोळ करू नका. ॲसेट मॅनेजमेंटवाले मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात वगैरे बसतात. सीएफए नावाच्या अवघड परीक्षेच्या तीन पातळ्या पार केलेली ही माणसं कंपन्यांचे ताळेबंद वाचतात, फंड चालवतात आणि एवढं करून बऱ्याचदा निर्देशांकाच्या मागेच राहतात. तुम्ही बसणार सांगलीच्या विश्रामबागेत. तुम्हाला ताळेबंद नाही, माणूस वाचायचाय. रत्नागिरी-नागपूर महामार्गात कुणाची जमीन गेली, मोबदला कधी जमा होतोय, कुठले गुरुजी निवृत्त होतायत, त्यांच्या ग्रॅच्युइटीची रक्कम कुठल्या तारखेला खात्यावर पडतेय. ही माहिती बँकेच्या संगणकात असते. चहाच्या गाड्यावरही असते, आणि तिथली जास्त ताजी.

शिक्षणाचं फार मनावर घेऊ नका. एनआयएसएम या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा द्यायची. १०० प्रश्न, २ तास, ५० गुणांना पास, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. एमपीएससीनं कधी एवढी माया दाखवली होती का? पास झालात की ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडं नोंदणी होते आणि दुसऱ्याच्या जन्मभराच्या कमाईवर बोलायला तुम्ही मोकळे. कार्डावर तेवढं ‘वेल्थ ॲडव्हायझर’ छापू नका. नुसतं वितरण करणाऱ्यानं स्वतःला तसं म्हणवून घ्यायचं नाही, असं सेबी या बाजार नियामकानं २०२० सालीच बजावलंय. खरा सल्लागार व्हायचं तर वेगळी नोंदणी, वेगळ्या परीक्षा, आणि मग ग्राहकाकडं उघड फी मागायची. सांगलीत, सल्ल्याचे पैसे! इथं माणसं डॉक्टरला लग्नाच्या पंगतीत गाठून रिपोर्ट दाखवतात. तेव्हा ‘रिलेशनशिप मॅनेजर’ छापा, त्यावर कुणाची हरकत नाही.

काही भाबडी पोरं नोकरी न धरता स्वतंत्र वितरक होतात. त्यांचा हिशेब एकदा मांडतो, म्हणजे तुमचा मोह जाईल. समजा पहिल्याच महिन्यात, मामा-मावश्या धरून, १०० जणांची दरमहा २,००० रुपयांची एसआयपी तुम्ही सुरू केली. महिन्याला २ लाख. बाजाराची चढ-उतार सोडा, पहिल्या वर्षाची सरासरी शिल्लक येते १३ लाख. त्यावर १ टक्का ट्रेल कमिशन, म्हणजे पैसे फंडात आहेत तोवर मिळत राहणारं कमिशन, धरलं तर १३ हजार. महिन्याला नव्हे, वर्षाला. आगाऊ कमिशन सेबीनं २०१८ साली बंद केलं, त्यामुळं आज झाड लावून उद्या आंबे खायची सोय राहिली नाही. तरी हे काम पंधरा-वीस वर्षं करत राहिलेली माणसं सांगलीत आहेत. बाजार पडला की ती ग्राहकाला आपणहून फोन करतात आणि ‘घाबरू नका, एसआयपी चालू ठेवा’ म्हणून सांगतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. त्यांना टार्गेट नाही, त्यांना या धंद्यातली मजा काय कळणार?

मजा बँकेत आहे. तिथं सकाळी हडल होतो, म्हणजे सगळ्यांना उभं करून कालचे आकडे विचारतात, आणि संध्याकाळी पुन्हा विचारतात. एप्रिल ते डिसेंबर तुम्ही फंड-बिंड बोलू शकता. जानेवारी लागला की फक्त विमा. का, ते ग्राहकाला सांगायची गरज नाही. पारंपरिक पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर जे मिळतं त्यापुढं फंडाचं ट्रेल म्हणजे चिल्लर.

समोर निवृत्त गुरुजी बसलेत, मुदत ठेव मोडायला आलेत, असं धरा. त्यांना आधी केबिनमध्ये घ्या. पाणी, मग चहा. मुलगा कुठं असतो, नातीचं शिक्षण कुठवर आलं, हे सगळं होऊ द्या. मग सांगा, ‘सर, ठेवीसारखंच आहे, वर विमा फुकट.’ हप्ता दरवर्षी भरायचाय हा तपशील पुढच्या वर्षी आपोआप कळतो, आत्ता घाई नको. जोखीम किती पेलवेल याची प्रश्नावली असते, ती तुम्हीच भरा, गुरुजींना खिशातून चष्मा काढायला लावणं बरं दिसत नाही. फंडाचा कागद असेल तर त्यावर जोखीम दाखवणारा रिस्कोमीटर असतो. सहा पायऱ्यांचं अर्धगोल चित्र, काटा शेवटच्या लाल पायरीवर. कागद धरताना अंगठा नेमका तिथं येईल असा धरा आणि दुसऱ्या हातानं दाखवा, ‘इथं, इथं आणि मागं एक.’ २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅनही मिळतो, त्यात वितरकाचं कमिशन नसल्यानं खर्च कमी, हेही शाखेत उच्चारू नये. भिंतीला कान असतात, आणि आजकाल नातीला मोबाईल असतो.

गुरुजींवर हात बसला की मोठ्या माशांकडं वळा. पीएमएसला, म्हणजे एकेकाचा पैसा स्वतंत्र सांभाळायच्या सेवेला, किमान ५० लाख लागतात, एआयएफ या बड्या गुंतवणूकदारांच्या फंडाला १ कोटी. सांगलीत एवढा पैसा आहे का, असं तुमचे मुंबईचे साहेब विचारतील. त्यांना मार्केट यार्डात फिरवून आणा. विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं गाळतात, जत्रेला गावी येतात. त्यांना गोल्ड ईटीएफ, म्हणजे कागदावरचं सोनं, समजावून सांगायला जाऊ नका, फार तर ते तुम्हाला सोनं समजावून सांगतील. हरिपूरच्या जुन्या हळद व्यापाऱ्यांना ‘लाँग टर्म’ शिकवायला तर मुळीच जाऊ नका. जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षे बंद ठेवून भावाची वाट बघणारी ही माणसं. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कित्येक पेवं गेली, तेव्हा जोखीम म्हणजे काय हेही त्यांना कुठल्या मीटरवर बघावं लागत नाही.

तरी टार्गेट आहे म्हणून एखाद्या बेदाणा व्यापाऱ्याच्या गादीवर जावं लागतंच. टॅबलेट उघडून तुम्ही गेल्या दहा वर्षांचा चढता आलेख दाखवत असता. शेठ सॅम्पलच्या पुडीतले चार बेदाणे तळहातावर घेतात, एक चिमटीत दाबतात, उजेडाकडं धरून रंग बघतात, तोंडात टाकतात. त्यांचा माल कोल्ड स्टोअरेजला पडून आहे आणि दिवाळीपर्यंत तो काढायचा की नाही, हे त्यांनी तुमच्या तिसऱ्या स्लाइडलाच ठरवून टाकलंय. मग विचारतात:

‘किती म्हणला, बारा टक्के? म्हैन्याला?’

‘नाही शेठ, वर्षाला. तेही खात्रीनं नाही.’

‘आनि तुमचं सोताचं किती हाय वो ह्यात?’

या प्रश्नाची तयारी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये करून घेत नाहीत. २०२१ पासून फंड कंपन्यांतल्या बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा काही वाटा त्यांच्याच योजनांत गुंतवायचा, असा सेबीचा नियम झाला. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला तो लागत नाही, एवढंच समाधान. हसून म्हणा, ‘आमचं काय शेठ, गाडीचा हप्ताच मोठाय.’

‘म्हैन्याला?’ हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका, तुमची खरी स्पर्धा तिथंच आहे. शेजारची बँक तुमचं काही बिघडवत नाही. पाहुण्यातला एकजण असतो, जो महिन्याला पाच टक्के देतो आणि पहिले सहा महिने खरोखरच देतो. २०१९ साली इस्लामपुरातून कडकनाथ कोंबड्या पाळायच्या योजनेचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये असेच गेले. कोंबडी काळी, हाडं काळी, फायदा तेवढा पांढरा असा हिशेब होता. तुमच्या प्रत्येक कागदावर ‘जोखमीच्या अधीन’ असं लिहिलेलं असतं, कोंबडीवर कुणी काही लिहिलं नव्हतं. पतसंस्थेच्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, ते बँकेतल्या ठेवीला असतं, हेही लोकांना सांगून बघा. ‘चेअरमन आपलाच हाय की’ असं उत्तर येईल.

शेवटी बढतीचं. एका बँकेत दोन वर्षांच्या वर थांबू नका. तोवर गुरुजींचा दुसरा हप्ता येतो, शेठना भिडेखातर घ्यायला लावलेला, एकाच क्षेत्रात पैसे घालणारा सेक्टर फंड लाल होतो, आणि साहेब नवीन टार्गेट घेऊन आलेले असतात. समोरच्याच गल्लीतल्या दुसऱ्या बँकेत तीस टक्के पगारवाढीवर जायचं. जाताना फोनमधले नंबर तेवढे न्यायचे. तिथं रुजू झालात की पहिला फोन गुरुजींना.

‘सर, नमस्कार, ओळखलं का? तुमचे सगळे कागद घेऊन एकदा या की इकडं. बघू तरी, ही असली पॉलिसी तुमच्या गळ्यात घातली कुणी.’